आलुबुखाराच्या बागेतील कॅबरने: वॉरेन विनिआर्स्की आणि स्टॅग्ज लीप

द्राक्षे पिकवणारा एक, ती गाळून वाइन करणारा दुसरा आणि बाटलीवर आपले नाव छापून ती विकणारा तिसरा, अशी कामाची विभागणी जगातील वाइन-व्यवसायाच्या फार मोठ्या भागात रूढ आहे, आणि तीत गैर असे काही नाही. मात्र ही तिन्ही कामे जेव्हा एकाच मालकीखाली आणि शक्यतो एकाच शिवारात होतात, म्हणजे वेल लावण्यापासून बाटलीला बूच बसवण्यापर्यंतची सारी जबाबदारी एकाच घराकडे असते, तेव्हा त्या व्यवस्थेला ‘इस्टेट’ म्हणतात. इस्टेटीची वाइन आपोआप उत्तम होते असा याचा अर्थ नव्हे. तिच्या गुणदोषांचे श्रेय आणि दूषण मात्र दुसऱ्या कोणाकडे ढकलता येत नाही. बागेत पाणी जास्त झाले, घड विरळ करायचे राहून गेले किंवा पिंपांच्या स्वच्छतेत हयगय झाली, तर त्याचा जाब त्या घरालाच द्यावा लागतो. अशी इस्टेट उभारणे हे भांडवलाइतकेच काळाचे काम आहे, कारण वेल लावल्यापासून पहिली प्यायच्या योग्यतेची लाल वाइन हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे सहज जातात, आणि निवडलेली जमीन त्या वाइनला खरोखर मानवते की नाही हे समजायला त्याहूनही अधिक.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय असलेले वॉरेन विनिआर्स्की (1928–2024) यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या नापा खोऱ्यात 1970 नंतर अशीच एक इस्टेट उभारली आणि तिचे नाव ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’ असे ठेवले. वाइनच्या इतिहासात त्यांचे नाव एका दिवसामुळे अजरामर झाले आहे. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये झालेल्या परीक्षणात त्यांच्या 1973 च्या कॅबरने सोव्हिन्योंने फ्रान्समधील बोर्दोच्या नामांकित वाइन्सना मागे टाकले. हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यामागची वर्षे जवळजवळ झाकली गेली आहेत, आणि राज्यशास्त्राचा एक अध्यापक वयाच्या पस्तिशीत कुटुंबासह देश ओलांडून येतो, दुसऱ्यांच्या तळघरांत पिंपे धुतो आणि मग मुख्यतः चवीच्या आधाराने जमीन निवडतो, हा त्याहून कितीतरी मोलाचा भाग तळटिपेपुरता उरला आहे. विनिआर्स्की यांचे कर्तृत्व पॅरिसच्या निकालात शोधण्यापेक्षा त्यांच्या उमेदवारीत आणि जमिनीच्या निवडीत शोधले पाहिजे, अशी या प्रस्तावनेची भूमिका आहे.

विनिआर्स्की यांचा जन्म शिकागोतील पोलिश वस्तीत झाला. त्यांचे वडील घरातच मध, फळे आणि फुले आंबवून वाइन करीत. परंतु त्या घरगुती उद्योगातून मुलाच्या मनात या व्यवसायाची ओढ लगेच निर्माण झाली असे दिसत नाही. त्यांचे शिक्षण अ‍ॅनापोलिसच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात झाले, जिथे ठरीव पाठ्यपुस्तकांऐवजी ग्रीक काळापासूनचे मूळ ग्रंथ वाचून त्यांवर चर्चा करण्याची पद्धत आहे. त्यांच्या पत्नी बार्बरा याही त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. पुढे शिकागो विद्यापीठात लिओ स्ट्राउस यांच्यासारख्या विचारवंताच्या सहवासात त्यांनी राजकीय तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, मॅकियाव्हेलीवरील संशोधनासाठी इटलीत काही काळ काढला आणि परतल्यावर अध्यापन केले. इटलीतील वास्तव्यात वाइन ही समारंभाची वस्तू नसून रोजच्या जेवणाचा भाग आहे, ही गोष्ट त्यांच्या परिचयाची झाली. या ज्ञानशाखेचा त्यांच्या वाइनवरचा ठसा अनेक अभ्यासकांनी दाखवला आहे आणि तो पटण्याजोगा आहे: मर्यादा, प्रमाण आणि समतोल या अभिजात कल्पना त्यांनी वाइनच्या संदर्भात आयुष्यभर मांडल्या, आणि पिकलेपणाचा व ताकदीचा अतिरेक हा दोष मानला.

ते 1964 मध्ये पत्नी आणि लहान मुलांसह नापामध्ये आले, तेव्हा हे खोरे आजच्या कीर्तीपासून फार दूर होते. अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात देशव्यापी दारूबंदी होती आणि तिने वाइन-उद्योगाचा कणाच मोडला होता. घरगुती वापरासाठी फळांचा रस आंबवण्याची मुभा कायद्याने ठेवल्यामुळे द्राक्षबागा नष्ट झाल्या नाहीत. पण आगगाडीने दूरच्या शहरांत पाठवताना टिकतील अशा जाड सालीच्या, गडद रंगाच्या जातींना मागणी आली आणि उत्तम वाइनच्या नाजूक जाती मागे पडल्या. अनेक शेतकऱ्यांनी तर वेल काढून आलुबुखार आणि अक्रोड लावले. बंदी उठली तरी हरवलेले कौशल्य लगेच परत येत नाही. जुन्या हातांची साखळी तुटली होती, ग्राहकाला गोड आणि कडक वाइनची सवय लागली होती, आणि बोर्दोच्या तोडीची कोरडी लाल वाइन करणारी घराणी नापामध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ‘कोरडी’ याचा अर्थ येथे पातळ किंवा रुक्ष असा नसून, रसातील जवळजवळ सर्व साखर आंबण्याच्या क्रियेत खर्ची पडली आहे, असा घ्यावयाचा आहे.

विनिआर्स्की यांची पहिली नोकरी हॉवेल माउंटनच्या उतारावरील ‘सुव्हरेन’ या छोट्या वाइनरीत होती. मालक ली स्टुअर्ट आणि त्यांचा हा एकमेव मदतनीस, अशा दोघांवर तेथील सारा कारभार चाले. मोठ्या कारखान्यात नवख्या माणसाला एकच काम वर्षानुवर्षे करावे लागते. येथे मात्र द्राक्षे उतरवून घेण्यापासून बाटल्या भरण्यापर्यंतची प्रत्येक पायरी एकाच माणसाच्या हातून जाई. या उमेदवारीचे मोल समजण्यासाठी लाल वाइन होते कशी, हे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. बहुतेक सर्व द्राक्षांचा रस, मग साल काळी असो वा हिरवी, जवळजवळ रंगहीन असतो. लाल वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा, म्हणजेच टॅनिन नावाची द्रव्ये, सालीतून आणि काही अंशी बियांतून येतात. म्हणून लाल वाइनसाठी रस वेगळा न काढता फुटलेले मणी सालींसकट टाकीत आंबत ठेवतात. यीस्ट साखरेवर वाढते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, आणि त्या वायूच्या जोराने साली वर ढकलल्या जाऊन रसाच्या पृष्ठभागावर त्यांचा जाड, घट्ट थर जमतो. हा थर कोरडा पडू दिला तर तो आंबुस होऊन साऱ्या टाकीला बाधू शकतो आणि खालच्या रसाला रंगही मिळत नाही. म्हणून तो दिवसातून अनेकदा दाबून बुडवावा लागतो किंवा खालचा रस पंपाने उचलून त्याच्यावर सोडावा लागतो. किती वेळा, किती जोराने आणि किती दिवस, यावर वाइन मऊ होणार की जिभेला ओरबाडणारी, हे ठरते. नंतर ती ओकच्या पिंपांत मुरते. पिंपाच्या तळाशी गाळ बसला की वरची निवळ वाइन हळुवारपणे दुसऱ्या पिंपात काढायची, रिकामे पिंप धुवायचे, आणि लाकडातून उडून गेलेली तूट भरून काढायची, म्हणजे हवेशी संबंध कमीत कमी येतो. स्टुअर्ट हे या स्वच्छतेच्या आणि टापटिपीच्या बाबतीत कमालीचे काटेकोर होते. पुस्तकांत वाढलेल्या विनिआर्स्की यांना हाताने शिकण्याची शिस्त लागली ती याच तळघरात.

त्यानंतर 1966 मध्ये रॉबर्ट मोंडावी यांनी ओकव्हिल येथे नवी वाइनरी सुरू केली आणि विनिआर्स्की तेथे गेले. तापमान काबूत ठेवणाऱ्या पोलादी टाक्या आणि फ्रान्सहून आणलेली ओकची पिंपे या गोष्टी तेव्हा तेथे नव्या होत्या. मोठ्या प्रमाणावर काम करतानाही दर्जा कसा राखायचा, हे त्यांना तेथे पाहायला मिळाले. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. 1976 च्या त्याच परीक्षणात पांढऱ्या वाइन्समध्ये अव्वल ठरलेली शाटो मोंटेलेनाची शार्दने तयार करणारे क्रोएशियन वाइनतज्ज्ञ माइक ग्रगिच हेही सुव्हरेन आणि मोंडावी या दोन्ही ठिकाणी काम केलेले होते. पॅरिसच्या निकालाला नवख्यांचे नशीब म्हणणाऱ्यांनी या समान गुरुकुलाकडे लक्ष दिलेले दिसत नाही.

दरम्यान स्वतःच्या बागेचा शोध चालूच होता. 1965 मध्ये त्यांनी हॉवेल माउंटनवर 15 एकर जमीन घेतली, परंतु त्यांची इस्टेट व्हायची होती ती तेथे नव्हे. ते कॅबरने सोव्हिन्यों या जातीला साजेशी जागा शोधत होते. मराठी वाचकाला द्राक्ष म्हटले की थॉम्सन सीडलेस आठवते, आणि त्या जातीचे हे नावही कॅलिफोर्नियातील विल्यम थॉम्सन या बागायतदारावरून पडलेले आहे. पण कॅबरने ही सर्वस्वी निराळी जात आहे. तिचे मणी लहान, साल जाड आणि बिया ठळक असतात, त्यामुळे रसाच्या मानाने सालीचे प्रमाण मोठे राहते आणि रंग व टॅनिन भरपूर मिळते. 1990 च्या दशकात डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी जनुकीय चाचण्यांनी दाखवून दिले की कॅबरने फ्रँक आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून ती जन्मली आहे. ती उशिरा पिकते. जागा फार थंड असेल तर साखर भरत नाही आणि वाइनमध्ये हिरव्या मिरचीसारखा वास राहतो. फार उष्ण असेल तर साखर झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो आणि वाइन जड, मोरंब्याच्या चवीची होते. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला खाण्याची द्राक्षे साधारण 18 ब्रिक्सच्या आसपास काढण्याची सवय असते. ब्रिक्स म्हणजे रसातील विद्राव्य घटकांचे, मुख्यतः साखरेचे, शेकडा प्रमाण. लाल वाइनसाठी हा आकडा 23-24 पर्यंत जाऊ द्यावा लागतो, पण तोवर आंबटपणा टिकून राहिला पाहिजे, आणि हे साधायचे तर दिवस उबदार आणि रात्री थंड अशी जागाच लागते. आपल्याकडे वेलीला हिवाळी झोप मिळत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करून पीक हिवाळ्यात पाडून घ्यावे लागते. नापामध्ये मात्र वेल थंडीत पाने टाकतो, वर्षातून एकदाच छाटला जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतो. त्यामुळे तेथे ऋतूशी खेळायला वाव नाही, जागेच्या निवडीलाच सर्व महत्त्व येते.

नापा खोऱ्याच्या पूर्व कडेला, सिल्व्हराडो ट्रेल या रस्त्यालगत, व्हाका डोंगररांगेचे काळपट उघडे कडे उभे आहेत. दिवसा हे खडक तापतात आणि बागांना ऊब देतात. दुपारनंतर दक्षिणेच्या सॅन पाब्लो उपसागरावरून येणारा गार वारा याच पट्ट्यातून वर सरकतो. तेथील माती काही ठिकाणी ज्वालामुखीजन्य, तर काही ठिकाणी ओढ्यांनी वाहून आणलेल्या गाळाची आहे. हा पट्टा कॅबरनेसाठी थंड आहे, असेच तेव्हाचे जाणकार मानीत. तरीही 1961 मध्ये नेथन फे या शेतकऱ्याने तेथे कॅबरने लावली. फे आपली द्राक्षे वाइनरींना विकत आणि थोडी वाइन घरच्यापुरती करीत. 1969 मध्ये विनिआर्स्की यांनी त्यांच्या घरी 1968 ची ती घरगुती वाइन चाखली आणि इतकी वर्षे आपण जे शोधत होतो ते हेच, अशी त्यांची खात्री झाली. या निर्णयाचे वेगळेपण लक्षात घेण्याजोगे आहे. माती-परीक्षण, हवामानाच्या नोंदी आणि तज्ज्ञांचे अहवाल यांना त्यांनी कमी लेखले नाही; पण एखाद्या शिवाराची कुवत त्याच शिवारातल्या वाइनइतकी स्पष्ट दुसरे काहीच सांगू शकत नाही, हे त्यांना पाच वर्षांच्या तळघरातील सरावाने कळले होते. तो सराव नसता तर समोरच्या पेल्यातले काय मातीचे आणि काय करणाऱ्याच्या हाताचे, हा भेद त्यांना करता आला नसता.

फे यांच्या शेजारची 44 एकरांची जमीन 1970 मध्ये विकत मिळाली. तीवर प्रामुख्याने आलुबुखाराची झाडे होती. अध्यापकाच्या आणि मदतनिसाच्या पगारात एवढी रक्कम जमणे शक्य नव्हते, म्हणून काही भागीदारांचे भांडवल उभे करण्यात आले. इस्टेट कौटुंबिक असली तरी तिचा पाया एका घराच्या बचतीवर घातला गेला नव्हता, ही वस्तुस्थिती गौरवपर लेखनात बहुधा गाळली जाते आणि ती गाळू नये. झाडे काढून तेथे कॅबरने आणि थोडी मर्लो लावण्यात आली. मर्लो ही लवकर पिकणारी, मऊ टॅनिनची जात. कॅबरनेचा ताठरपणा सैल करण्यासाठी बोर्दोमध्ये ती पूर्वापार मिसळली जाते. बार्बरा विनिआर्स्की या उभारणीत बरोबरीच्या संस्थापक होत्या. पहिला हंगाम 1972 चा. पुढच्या वर्षीपासून आंद्रे चेलिश्चेफ यांचा सल्ला मिळू लागला. रशियात जन्मलेले आणि फ्रान्समध्ये शिकलेले चेलिश्चेफ हे बोल्यू वाइनरीतील कामामुळे दारूबंदीनंतरच्या नापाचे सर्वमान्य गुरू ठरले होते.

अशा रीतीने 1973 ची जी वाइन पॅरिसला गेली, ती अवघ्या तीन वर्षांच्या वेलींची होती. कोवळ्या वेलींची वाइन उथळ असते हा सर्वसाधारण अनुभव असल्यामुळे ही बाब आजही आश्चर्याची वाटते. परीक्षण आयोजित केले होते पॅरिसमधील इंग्रज वाइन-व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी. परीक्षक नऊ आणि सर्व फ्रेंच, बाटल्या झाकलेल्या, गुण 20 पैकी. लाल गटात कॅलिफोर्नियाच्या सहा आणि बोर्दोच्या चार वाइन्स होत्या. स्टॅग्ज लीपनंतर मुतों-रोथशिल्ड, मोंत्रोज आणि ओ-ब्रियों या 1970 च्या वाइन्सचा क्रम लागला. ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर हे तेथे हजर असलेले एकमेव पत्रकार, आणि त्यांच्या छोट्या वार्तेने हा निकाल जगभर गेला. पहिल्या दोन वाइन्समधील अंतर फार थोडे होते आणि संख्याशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले की एवढ्या फरकावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे. मात्र अशा वाइन्स लहानपणी गोडगोड लागतात आणि बोर्दोसारख्या मुरत नाहीत, हा दुसरा आक्षेप टिकला नाही: 2006 मध्ये त्याच वाइन्सचे पुन्हा परीक्षण झाले तेव्हा कॅलिफोर्नियाचीच रिज मोंटे बेलो 1971 पहिली आणि स्टॅग्ज लीप 1973 दुसरी आली.

निकालानंतरच्या तीन दशकांचा इतिहास या ग्रंथात विस्ताराने येतो. येथे मोजक्याच गोष्टींचा निर्देश पुरे. निकालाआधीच, 1974 च्या हंगामात, 23 क्रमांकाच्या मोठ्या लाकडी पिंपातली वाइन इतरांहून उजवी असल्याचे चेलिश्चेफ यांनी ओळखले आणि ती वेगळी भरण्यात आली. ‘कास्क 23’ हे नाव त्यावरून रूढ झाले. 1986 मध्ये नेथन फे यांची बागच विनिआर्स्की यांनी विकत घेतली. 1989 मध्ये स्टॅग्ज लीप या परिसराला स्वतंत्र द्राक्षप्रदेश म्हणून शासकीय मान्यता मिळाली. पुढे फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या सूक्ष्म किडीने नापाला पुन्हा ग्रासले. आपल्याकडे क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतात, तसे तेथे या किडीला दाद न देणाऱ्या खुंटावर करावे लागते. पण खोऱ्यात सर्रास वापरला गेलेला एक खुंटच किडीपुढे टिकाव धरू शकला नाही, आणि अनेक बागा मुळापासून नव्याने लावाव्या लागल्या.

विनिआर्स्की यांच्या कार्याचा एक भाग बाटलीत मावत नाही. 1968 मध्ये नापा काउंटीने खोऱ्यातील शेतजमिनीसाठी ‘कृषी राखीव क्षेत्र’ जाहीर केले. अमेरिकेतील ही अशी पहिलीच तरतूद. राखीव क्षेत्रातील जमिनीचे 20 एकरांपेक्षा लहान तुकडे पाडण्यास तिने मनाई केली, आणि ही मर्यादा पुढे 40 एकर झाली. जमिनीचे भाव पडतील म्हणून अनेक शेतकऱ्यांचा तिला कडवा विरोध होता. विनिआर्स्की यांनी, स्वतःची इस्टेट उभी राहण्यापूर्वीच, तिची बाजू घेतली आणि पुढे आपल्या मालकीच्या जमिनीवरील बांधकामाचे हक्कही भूसंरक्षण न्यासामार्फत कायमचे सोडून दिले. ही तरतूद नसती तर सॅन फ्रान्सिस्कोच्या विस्तारात नापा खोऱ्याचा बराच भाग घरबांधणीखाली गेला असता, हे आज तेव्हाचे विरोधकही नाकारीत नाहीत. त्यांच्या वाइनहून त्यांची ही भूमिका कमी मोलाची मानता येणार नाही.

2007 मध्ये त्यांनी स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स ही इस्टेट सुमारे 18.5 कोटी डॉलरला विकली. खरेदीदार होते वॉशिंग्टन राज्यातील स्टे. मिशेल ही कंपनी आणि इटलीतील अँटिनोरी हे घराणे, आणि 2023 पासून ती एकट्या अँटिनोरींकडे आहे. कूम्ब्सव्हिल भागातील आर्केडिया ही बाग मात्र कुटुंबाने स्वतःकडे ठेवली. कौटुंबिक इस्टेट एका पिढीतच विकली गेली, म्हणून हा प्रयत्न अपुरा राहिला असे काही समीक्षक म्हणतात. तो निष्कर्ष घाईचा आहे. मालकी बदलली तरी 1970 मध्ये आलुबुखार काढून लावलेली ती बाग बागच राहिली, तिच्या नावाने स्वतंत्र वाइन आजही भरली जाते, आणि 1973 ची एक बाटली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली गेली आहे.

महाराष्ट्रात वाइनसाठी द्राक्षे लावण्यास गेल्या चार दशकांत गती आली. नारायणगावच्या चौगुले यांच्या प्रयत्नानंतर नाशिकमध्ये ‘सुला’ या वाइनरीचे संस्थापक राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या साह्याने काम सुरू केले, आणि 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. तंत्र, जाती आणि यंत्रसामग्री यांबाबत कॅलिफोर्नियाकडून आपण पुष्कळ घेतले आहे. जमीन राखण्याचा धडा मात्र अजून घेतलेला नाही. नाशिक आणि दिंडोरीच्या आसपास बागांच्या शेजारी बिनशेती भूखंडांचे फलक वाढत असताना, बागायतदारांनी, नियोजनकारांनी आणि या भागातील लोकप्रतिनिधींनी या ग्रंथातील 1968 च्या त्या तरतुदीविषयीचे प्रकरण बारकाईने वाचावे आणि आपल्या तालुक्यात तसे काही करता येईल का, याचा विचार बागा शिल्लक आहेत तोवर करावा.